काप्पा आणि कुंची

येना, जर्मनी, ११ नोव्हेंबर २००८

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे या खेपेस मनातल्या मनात घातला आहे, पण आठही अंगांनी.) तुझं दसऱ्याचं पत्र पोचलं. मिक्सरच्या गॅरंटी कार्डाची कोरी बाजू तू वाया घालवली नाहीस हे बघून बरं वाटलं. मी दोन्ही बाजू वाचल्या. त्यामुळे तुझं बीपी आटोक्यात आहे, सुधावहिनीची टाच अजून दुखते आणि भांडं रिकामं असताना मोटर चालवायची नाही, हे तिन्ही कळलं. टाचेला गरम वाळूची पुरचुंडी चांगली. बीपीचं मी काय सांगणार, पण हे पत्र पुढे वाचण्याआधी सकाळची गोळी घेतलीस ना, तेवढं बघ. घेतली नसलीस तर आधी घे. मी थांबते.

घेतलीस? आता खुर्चीत बस. झोपाळ्यावर नको.

इकडे आम्ही सगळे ठीक. श्रीधर त्याच्या कारखान्यात भिंगं घासायच्या मशीनची चित्रं काढतो आणि घरी येऊन चष्मा शोधतो. अन्वी तेरा वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. भांडतानाही दोघी आपापल्या भाषेत राहतो, म्हणून भांडण लवकर संपतं. साडेचारला अंधार पडतो. आज संत मार्टिनचा दिवस, त्यामुळे खिडकीखालून शाळेतली पोरं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत चालली आहेत. (हा संत पुढे पत्रात येणार आहे, लक्षात ठेव.)

आता मुद्दा. म्हणजे मुद्द्याच्या आधीचं थोडं. तुला कादंबरीचं बारसं आठवतं का? मी सतरा वर्षांची होते. आत्याचा मान म्हणून कुंची मी शिवली होती, हिरव्या मखमलीची, लाल अस्तराची, आईच्या जुन्या शालूची जर लावून. आयुष्यात पहिल्यांदाच मशीनवर बसलेली मी, त्यामुळे कुंचीचं एक टोक वर गेलं आणि एक खाली. तू टूलरूममधला माणूस. पाळण्यात मूल रडत असताना तू फूटपट्टी आणून मोजलंस आणि जाहीर केलंस की सव्वा सेंटिमीटरचा फरक आहे. मला ते लागलं. मग कानात नाव सांगायची वेळ आली. तुम्ही नाव ठरवलं होतं लता. सुटसुटीत, कुठल्याही फॉर्मवर मावणारं. मी वाकले, कुर्रर्र केलं, आणि कादंबरी म्हणाले. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले ते रिवाजाचे, तुझा एक होता तो खरा. आठवडाभर तू माझ्याशी बोलला नाहीस. तुझ्या मुलीच्या कानात तुला न विचारता काहीतरी सांगायची ती माझी पहिली वेळ. दुसरी २००१ साली आली, आणि तिच्यासाठी हे पत्र आहे.

दादा, कादंबरी कंप्युटरमध्ये नाही. ती टोपीमध्ये आहे. साडेसहा वर्षं झाली.

(गोळी घेतली होतीस ना?)

कसं झालं ते सांगते. तिला भाषा शिकायच्या होत्या. तू म्हणालास, भाषा बोलायला असतात, शिकायला इंजिनिअरिंग असतं. ती रडली, वहिनी रडली, आणि तिकडून फोन मला आला. मी इथल्या विद्यापीठाचं पुस्तक चाळलं. त्यात 'कंप्युटर लिंग्विस्टिक' असा एक विषय होता. मी तुला पत्र लिहिताना पहिला शब्द मोठा काढला आणि दुसरा ओळीच्या शेवटी ढकलला. तू पहिला वाचलास. मला ठाऊकच होतं तू पहिला वाचशील. ती इथे आली, तेव्हा हे खोटं नव्हतं. पहिली सहामाही ती खरंच त्या विषयाला जात होती. मग एका दुपारी ती चुकून शेजारच्या वर्गात शिरली. तिथे एक म्हातारे प्रोफेसर एकाच शब्दावर दीड तास बोलत होते. ती तिथून उठलीच नाही. मला म्हणाली, आत्या, बाबांना पुढच्या महिन्यात सांगू. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या वर्षी तुझी अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही सांगू नका. तुला मधुमेह नाही, त्यामुळे तो डॉक्टर बाकी कशालाच नको म्हणाला नव्हता. मग आम्ही सगळ्यांनी ते एक पथ्य फार मनापासून पाळलं.

तो शब्द म्हणजे काप्पा. लॅटिन आहे. अर्थ, डोक्यावर घ्यायचं काहीतरी. पण ते डोक्यापाशीच थांबायचं की खांद्यावरून खाली अंगभर यायचं, यावर विद्वानांचं एकमत नाही. या काप्पाचा कुलवृत्तांत आपल्यापेक्षा मोठा आहे. इंग्रजांकडे गेलेल्या शाखेत एक भाऊ कॅप होऊन डोक्यावर राहिला, दुसरा केप होऊन खांद्यावर उतरला. फ्रेंचांकडे शापो आणि इटलीत कापेल्लो, दोन्ही हॅटी. स्पेनमधल्या कापानं डोक्याशी संबंधच तोडला, तो नुसता झगा. जर्मनांकडे काप्पं आहे, शिवाय इटलीहून दत्तक आलेली कापुत्से, म्हणजे जॅकेटाच्या मानेमागे लोंबते ती टोपी. तसलं टोपडं घालणाऱ्या साधूंच्या एका पंथाला त्यावरून कापुचिन म्हणू लागले आणि त्यांच्या झग्याच्या तपकिरी रंगावरून एका कॉफीला नाव पडलं. मागच्या वर्षी पुण्यात आपण सगळे गेलो होतो, तेव्हा 'एवढा फेस कशाला' म्हणून तू जी परत पाठवलीस ती कापुचिनो. दादा, तीही टोपीच होती. तेव्हा कादंबरीला केवढं बोलावंसं वाटलं होतं! तिनं तोंडात सामोसा कोंबला.

आणि हा आजचा संत मार्टिन. तो शिपाई होता. थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला म्हणून त्यानं तलवारीनं आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याला दिला. उरलेला अर्धा झगा, म्हणजे काप्पा, पुढे लोकांनी जपून ठेवला. तो जिथे ठेवला त्या खोलीला त्यावरून कापेला म्हणू लागले आणि तिथून युरोपभरच्या छोट्या प्रार्थनाघरांचं नाव आलं. तिथला पुजारी झाला कापेलान, आणि तिथल्या गाणाऱ्यांच्या ताफ्यालाही जर्मनमध्ये कापेलं म्हणतात. एका अर्ध्या कापडातून देऊळ निघालं, पुजारी निघाला आणि बँडही निघाला. त्यानं अर्धं दिलं तर एवढं उभं राहिलं. मी तुला अर्धं सांगितलं.

मीही या कुलवृत्तांतात आहे. फ्रेंचमध्ये शापरों म्हणजे टोपडं. टोपडं डोकं सांभाळतं, म्हणून तरुण मुलीबरोबर तिला सांभाळायला जी पोक्त बाई पाठवतात तिलाही तोच शब्द लागला. कादंबरीनं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. म्हणजे मी टोपडं, म्हटलं. गेनाऊ, म्हणाली ती, अगदी बरोबर. तू तिला माझ्या भरवशावर पाठवलंस, दादा. विमानतळावर माझ्याशी फोनवर बोलताना तू एवढंच म्हणालास, ऊर्मे, लक्ष ठेव. मी लक्ष ठेवलं. तुझ्यावर.

दर रविवारी तुझा फोन यायचा, तो तुझ्या दृष्टीनं पंधरा मिनिटांचा. आमच्याकडे सकाळपासून तालीम चालायची. कारण तू स्वेच्छानिवृत्ती घेतलीस आणि काय करावंस, तर कंप्युटरच्या वर्गात नाव घातलंस. वीस-वीस वर्षांच्या पोरांत पहिल्या बाकावर बसलास, कशासाठी, तर मुलगी काय करते ते कळावं म्हणून. वहिनीनं मला ते कौतुकानं सांगितलं आणि मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसले. मग तुझे प्रश्न सुरू झाले. डेटाबेस कुठला? श्रीधर समोर उभा राहून कागदावर उत्तर लिहून धरायचा. त्याचं अक्षर तुला माहीत आहे. एकदा तिनं भलतंच वाचलं आणि तू म्हणालास, असा डेटाबेस नाही. ती म्हणाली, जर्मनीत आहे. कुठल्या लँग्वेजमध्ये काम करतेस, असं विचारलंस तेव्हा मात्र ती पोर भाबडेपणानं खरं बोलून गेली. पाच-सहा, बाबा. तू केवढा खूश झालास! कॉलनीत सगळ्यांना सांगितलंस. आम्ही इकडे हसलो, पोट दुखेपर्यंत हसलो. आता ते हसणं आठवायला नको वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मात्र तू अचानक ते सगळं विचारायचं बंद केलंस. नुसतं थंडी आहे का, आणि डोकं झाकून जातेस ना. ती हो म्हणायची. बरं म्हणून तू ठेवायचास. दीड मिनिटात फोन संपायचा. आम्हांला सुटल्यासारखं झालं. मला वाटलं, तुझा कंप्युटरचा नाद संपला, वय झालं. श्रीधरनं कागद-पेन फोनपासून उचलून ठेवलं. माझ्या मनात हे आलंच नाही, की ज्या बापानं पंधरा मिनिटं बोलता यावं म्हणून साठीच्या उंबरठ्यावर परीक्षा दिल्या, तो दीड मिनिटावर का आला असेल?

आता तिच्या डॉक्टरेटच्या परीक्षेचा दिवस. २३ ऑक्टोबर. तुला आम्ही सांगितलं होतं की परीक्षा बंद दाराआड असते, कंपन्यांची गुपितं असतात, बाहेरच्यांना सोडत नाहीत. कारण तू तिकिटाची चौकशी करायला लागला होतास. आलास तर पहिल्याच पडद्यावर तुला टोप्या दिसल्या असत्या. दादा, ती परीक्षा सार्वजनिक असते. नोटीस लावतात, कुणीही या आणि बसा. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाई, ज्यांचा कादंबरीशी संबंध रोज सकाळी दोन पाव घेण्यापुरता, त्या दुकान बंद करून आल्या होत्या. पहिल्या रांगेत बसल्या. गळ्यात मोत्यांची माळ घालून.

इथे एक चाल आहे. विद्यार्थी डॉक्टरेट पास झाला की बरोबरची मंडळी त्याच्यासाठी पुठ्ठ्याची टोपी करतात, डॉक्टरहूट. तिच्यावर त्याच्या आयुष्यातल्या, अभ्यासातल्या गमती चिकटवतात आणि निकाल लागला की ती त्याच्या डोक्यावर चढवतात. हे मला पंधरा वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. तिच्या विभागातल्या काट्रिन नावाच्या मुलीनं मला गुपचूप फोन केला, की टोपीसाठी तिच्या लहानपणचं काहीतरी तुमच्याकडून मिळेल का. 'टोपीसाठी', 'तुमच्याकडून' एवढंच माझ्या कानात शिरलं. माझा ऊर इतका भरून आला! म्हटलं, बघा, या लोकांतसुद्धा आत्याचा मान आहे. मी वहिनीकडून बारशाची कुंची मागवली. काट्रिनला ती दिलीच, पण त्याआधी तिच्यावरून मापं काढून मोठी कुंची बेतली. साडेतीन मीटर हिरवी मखमल. दुकानातल्या मुलीनं विचारलं, नाटकासाठी का? मी म्हटलं, परीक्षेसाठी. दोन्ही टोकं या वेळी फूटपट्टी लावून मोजली. फरक शून्य. तुला सांगावंसं वाटत होतं.

सकाळी साडेनऊला मी विद्यापीठात हजर. हातात ताम्हन, त्यात निरांजन, दही-साखरेची वाटी, काखेत कुंची. मी दाराबाहेर तिला ओवाळायला घेतलं तोच तिथला रखवालदार धावत आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, आल्झो, म्हणजे हे बघा, इमारतीत आग चालत नाही. विझवा. आता निरांजनावर फुंकर कशी मारणार? मी त्याला समजावू लागले. तो मला समजावू लागला. शेवटी मी ते ताम्हन हातात धरून तीन जिने उतरले, बाहेर सायकलींच्या मांडवात ठेवलं आणि वाऱ्याला सांगितलं, बाबा, तूच काय ते बघ. वर आले तेव्हा घड्याळात दहा मिनिटं उरलेली, गुडघा बोलायला लागलेला. (तेव्हाच धरला तो.) धापा टाकत मी कादंबरीच्या डोक्यावर कुंची चढवली आणि हनुवटीखाली नाडी बांधली.

सगळा व्हरांडा माझ्याकडे वळला. काट्रिन पांढरीफटक. इथे वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा आदल्या दिवशी देत नाहीत, अपशकुन समजतात; आणि मी निकालाच्या आधी टोपी घातली होती. काढा, काढा, असं सगळे म्हणू लागले. काढणार कशी? घाईत मी निरगाठ मारली होती. मी ओढली, श्रीधरनं ओढली, काट्रिननं नखं लावली, ती जास्तच बसली. इतक्यात सव्वादहा झाले आणि आतून नाव पुकारलं. जर्मनीत सव्वादहा म्हणजे सव्वादहा. तुझी मुलगी कुंचीत परीक्षेला गेली, दादा. हिरवी मखमल, लाल अस्तर, जरीची किनार. इथल्या लोकांच्या बागेत मातीचे बुटके ठेवलेले असतात ना, थेट तशी.

तिच्या गाइडचं म्हणणं आहे की काप्पा मुळात डोक्यावरचंच वस्त्र. दुसऱ्या परीक्षक बाईंचं म्हणणं, नाही, अंगावरचंच. वीस वर्षं दोघं एकमेकांना नमस्कार करतात तेवढंच. त्या बाईंनी चष्मा सरसावून पहिलाच प्रश्न विचारला, की आपण डोक्यावर हे काय घातलंय? मी डोळे मिटून घेतले. कादंबरी म्हणाली, बाई, हाच तर माझ्या प्रबंधाचा विषय आहे, हे मी डोक्यावर घातलंय की अंगावर? आणि ती सावकाश एक गिरकी घेऊन उभी राहिली. कुणी हसेना. दोन्ही प्रोफेसर उठून तिच्याभोवती फिरले. एकानं टोपडं पाहिलं, एकीनं खालचा झगा पाहिला. शिवण कुठे आहे, असं विचारलं. मध्ये शिवण नाही, अखंड कापड आहे, हे मला मागच्या रांगेतून उठून सांगावं लागलं. दोघांनी ते लिहून घेतलं. तिच्या प्रबंधात कुंचीला जागा नव्हती, कारण युरोपाबाहेर जायचं नाही असा गाइडचा दंडक. त्यांनीच शेवटी विचारलं, ही पद्धत कुठली, हे कोण शिवतं. ती म्हणाली, वडिलांची बहीण.

सव्वा तासानं निकाल लागला. मग पुठ्ठ्याची टोपी आली आणि कुंचीच्या वर चढली. तिच्यावर कॉफीचा कप होता, अर्धा फाटका झगा होता, छोटं देऊळ होतं, आणि टोकाला स्प्रिंगवर बारशाची कुंची डुलत होती, एक टोक वर, एक खाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोपीच्या मागच्या बाजूला कागदाचा एक चिमुकला कंप्युटर चिकटवला होता. त्याच्याकडे बोट दाखवून सगळा विभाग हसला, कारण सगळ्या विभागाला ठाऊक होतं की कादंबरीच्या बाबांना काय वाटतं. बेकरीच्या बाईंनासुद्धा ठाऊक होतं. त्यांनी माझ्या दंडाला हळूच कोपर मारलं. कादंबरीही हसली. मग तिनं टोपी उतरवली, तो कागदी कंप्युटर नखानं हलकेच सोडवला आणि खिशात ठेवला. नंतर तिनं ती टोपी पुन्हा घातली, पण फोटोसाठी हसायला तिला वेळ लागला.

तुला ईमेलनं जो फोटो आला त्यात तिचं डोकं भुवईपासून वर कापलेलं आहे. ते श्रीधरचा हात हलल्यामुळे नाही. मी बसून कापलं.

इथे गाइडला डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टरबाप. त्या म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांत विचारलं, की खरे वडील कुठे आहेत, मला त्यांचं अभिनंदन करायचं आहे. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, प्रकृती बरी नसते. हे माझं शेवटचं खोटं. त्यानंतर मी फक्त नाडी कापायला कात्री मागितली.

या काप्पाचा अजून एक नातू आहे, इंग्रजांचा एस्केप. पाठलाग करणाऱ्यानं तुमचा झगा पकडला की झगा त्याच्या हातात ठेवून आपण निसटायचं, त्यावरून 'काप्पातून बाहेर' असा तो शब्द झाला म्हणतात. कादंबरीला हा शब्द फार आवडतो. मला तो ऐकवत नाही. तुझ्या हातात आम्ही नुसता झगा ठेवला, दादा. तू तो साडेसहा वर्षं धरून बसलास, त्याच्याशी रविवारी बोललास, त्याच्यासाठी परीक्षा दिल्यास, कॉलनीत त्याचं कौतुक सांगितलंस. मुलगी त्यात नव्हती. ती तुला आवडली असती. ती सव्वा सेंटिमीटरवरून भांडते. एका शब्दाची तारीख लावायला तिनं तीन महिने घालवले, आणि बरोबर लावली. ही तुझी टूलरूम आहे, दुसरं काही नाही. हे मला ती इथे आल्यावर सातव्याच महिन्यात कळलं होतं. तरी मी तुला सांगितलं नाही, कारण तू आठवडाभर बोलणार नाहीस याची मला भीती वाटली, सतराव्या वर्षी वाटली होती तशी. आठवड्याच्या भीतीनं तुझी वर्षं खाल्ली.

क्षमा कर असं लिहिलं होतं, खोडलं. तुला सवडीनं जे वाटेल ते कर. वहिनीला नमस्कार. गोळ्या वेळेवर घे.

तुझी धाकटी बहीण,
ऊर्मिला

ता. क. १ : वहिनीवर रागावू नकोस. कुंची मी तिच्याकडून 'अन्वीच्या शाळेत जुने कपडे दाखवायचे आहेत' असं सांगून मागवली. म्हणजे वर जे शेवटचं खोटं म्हटलं ते मोजून बघितलं तर शेवटचंच आहे, पण त्याच्या आधीचं हे राहिलं होतं.

ता. क. २ : खरं काम हे. इथे परीक्षा पास झालं तरी प्रबंध छापून होईपर्यंत नावामागे डॉक्टर लावता येत नाही. पुस्तक वसंतात छापायला जाईल आणि पदवी जूनमध्ये हातात देतील, समारंभ करून. पुस्तकाचं अर्पणाचं पान तिनं कोरं ठेवलं आहे. मी विचारलं तर म्हणते, सुंदर दिसतं तसं. ते काही सुंदर दिसत नाही. तू जूनमध्ये ये. माझ्याकडे उतरायचं नसलं तर तिच्या खोलीवर उतर. समारंभात मी समोर येणार नाही, मागच्या रांगेत बेकरीच्या बाईंशेजारी बसेन. तुझी जागा पहिल्या रांगेत.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहिते आहे. उद्या सकाळी कागदाचा निळा डबा न्यायला गाडी येते, म्हणून अन्वीला कपाटामागची रद्दी काढायला सांगितलं होतं. ती दोन कागद घेऊन आली आणि (जर्मनमध्ये) विचारलं, मामा जर्मन शिकतोय का? कुंची ज्यात गुंडाळून आली होती ते कागद. पार्सल उघडताना मला कुंची दिसली, कागदाकडे मी बघितलंही नव्हतं. आता बघितलं. पहिला कागद कादंबरीच्या परीक्षेची नोटीस आहे, विद्यापीठाच्या साइटवरून छापलेली. तिचं नाव, विषय, दिवस, वेळ, खोली. प्रत्येक जर्मन शब्दाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिला आहे, ड्रॉइंगवर लिहितात तशा सरळ उभ्या अक्षरात. टोपी. उगम. अर्थ. सर्वांत खाली 'सार्वजनिक', आणि त्याच्याखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. दुसरा कागद तिच्या एका जुन्या लेखाचा आहे, काप्पावरचा, आणि त्याच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख आहे : १४ जानेवारी २००७. त्याच हिवाळ्यात तू पहिल्यांदा विचारलंस, डोकं झाकून जातेस ना.

पार्सल वहिनीनं बांधलंय असं मी धरून चालले होते. दादा, दोन्ही कागदांची मागची बाजू कोरी आहे. मागची बाजू कोरी असलेला कागद तू आयुष्यात कधी रद्दीत घातलेला नाहीस.

वरची सगळी पानं आता वाया गेली, तरी पाठवते. तुला माहीत होतं, पण मी सांगितलं नव्हतं. कादंबरीला हे कागद दाखवलेले नाहीत. तिच्यासाठी वहीत सरळ करून ठेवले आहेत. हे पत्र पोचेल त्यानंतरच्या रविवारी फोन करशील तेव्हा नेहमीचंच विचार. फक्त ती हो म्हणाली की लगेच ठेवू नकोस.